फोमच्या नाकतोड्याचे गुडघे

नाकतोडे अजून बोलत असत आणि बाजारात फोम नुकताच आला होता, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरातल्या थंड नदीवर ट्राउट मासे धरणाऱ्या गजाभाऊंनी गळावर हिरवा फोम दोऱ्याने आवळून एक नाकतोडा बनवला. त्याला रबराचे पाय लावले आणि गुडघे दिसावेत म्हणून त्यांना गाठी मारल्या. तो इतका हुबेहूब झाला की क्षणभर त्याचा स्वतःचाही गैरसमज झाला.

गजाभाऊंनी त्याला पाण्यावर सोडले, तेव्हा काठच्या गवतातून एका खऱ्या नाकतोड्याने विचारले, "मामा, पाणी कसं आहे?"

जन्मात पहिल्यांदाच त्याला कोणीतरी मामा म्हटले होते. आपण फोमचे आहोत हे खरे सांगावे, तर नाते हातचे जात होते. "झकास आहे. ये की भाच्या," तो ऐटीत म्हणाला.

भाच्याने उडी मारली. खालून मासा आला आणि भाचा गेला. मामा तरंगतच राहिला, कारण बुडून तोंड लपवण्याची सोय फोमला नसते.

थोड्या वेळाने गवतातून दुसरा आवाज आला, "मामा, आमचा दादा इकडे आला होता का? पाणी कसं आहे?"

"उडी मारू नकोस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझं ऐकून दादा आला आणि त्याला माशाने खाल्लं. मी तुझा मामा नाही. मी फोमचा आहे, माझ्या पोटाखाली गळ आहे."

बोलताना त्याचे रबरी पाय प्रवाहाबरोबर डौलात हलत होते.

"चेष्टा पुरे, मामा," धाकटा हसत म्हणाला. "फोमला कधी गुडघे असतात का?" आणि त्याने उडी मारली.