धूमकेतूची मोरकी

एका राज्यात राजवाड्यापेक्षा पागा मोठी होती. राजा सिंहध्वज घोड्यांवर जीव टाकी. निदान तो तसे म्हणे. त्या घराण्याची रीत अशी, की युवराजाने भर दरबारात कोवळ्या घोड्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने लोखंडी लगाम घालावा. घोडा किंचाळला की भाट जयजयकार करीत. रक्त आले तर शुभशकुन मानीत. आता असल्या शकुनाला काय म्हणावे!

युवराज अजिंक्यसेनाची पाळी आली. रानातून पकडून आणलेला धूमकेतू नावाचा राखाडी घोडा पुढे उभा केला. त्याच्या पाठीवर अजून खोगीर पडले नव्हते. युवराजाने जबडा उघडला, लगाम आत सरकवला, पट्टा आवळला.

आणि अख्ख्या दरबाराची दातखीळ बसली. घोड्याचे तोंड रिकामे होते. लोखंड युवराजाच्या तोंडात होते. जीभ खाली दाबलेली, ओठांचे कोपरे फाटलेले, हनुवटीवरून रक्ताची धार. तो ओरडू गेला, पण घशातून नुसती घरघर निघाली. भाटांनी सवयीने जयजयकाराला तोंड उघडले ते तसेच उघडे राहिले.

लोहार आले, मांत्रिक आले. लोखंड कानशीला दाद देईना, मंत्राला दाद देईना. घास आत जाईना. पाण्याच्या थेंबांवर युवराज दिवस काढू लागला, आणि त्याची धाकटी बहीण हेमकला उशाशी बसून भाऊ झिजताना पाहू लागली. असेच चालले तर हा जगणार नाही, हे वैद्यांनी न सांगताच तिला कळले होते.

एके सकाळी खिडकीत टिटवी येऊन बसली.

"राजकन्ये, रडून झाले असेल तर ऐक."

"बोल."

"तुझ्या पणजोबांनी यक्षिणीची घोडी पळवली. चालेना म्हणून तिच्या तोंडात लोखंड कोंबले. घोडी सुटून रानात गेली. यक्षिणीने तिच्या वंशाला वर दिला, की तुमच्यावर कोणी जे लादील ते त्यालाच भोगावे लागेल. धूमकेतू त्या वंशातला."

"उपाय?"

"तोंडात काही न घालता त्याच्यावर बैस आणि सीमेच्या दगडाला वळसा घालून ये. डोक्यावरून नाकावर बसते ती मोरकी चालेल, पण यक्षिणीच्या गुहेतली. तिथे तीन आहेत. मिळेल एक. चुकलीस तर भाऊ गेला."

हेमकला उठली आणि निघाली. गुहेच्या दारावरची शिळा तिला पाहून आपणहून बाजूला झाली. आत यक्षिणी बसली होती. तिचे केस जमिनीवर लोळत होते, पाय मात्र जमिनीला लागत नव्हते. भिंतीवर तीन खुंट्या, तीन मोरक्या: एक सोन्याची, हनुवटीखाली साखळी असलेली, दुसरी मखमलीची, तिसरी लोकरीच्या दोरीची, गाठी मारलेली, अगदी कळकट.

"निवड," यक्षिणी म्हणाली.

"देवी, आधी मला घालून पाहू द्या."

यक्षिणी हादरली. "काय म्हणालीस?"

"माझ्या तोंडावर बांधा आणि दोरी ओढा."

यक्षिणीने सोन्याची मोरकी तिच्या चेहऱ्यावर चढवली आणि एका बोटाने दोरी ओढली. कडकन आवाज झाला. जबडा मोडला की काय, असे वाटून हेमकला मटकन खालीच बसली. तोंडात काही नसताना इतके दुखते? मग मखमलीची आली. ती ओढली तर गालाला गुदगुल्या झाल्या. हेमकलेचा हात तिच्याकडे गेलाच होता, इतक्यात यक्षिणीने दोरी सोडली. मखमल सैल झाली नाही. दोरी जमिनीवर पडली होती, कोणी ओढत नव्हते, तरी ती आवळलेलीच.

तिसरी खरखरीत होती. ओढली की नाकाच्या हाडावर दाबे. सोडली की त्याच क्षणी ढिली पडे.

"ही द्या," हेमकला म्हणाली. "हिला सोडायचे कळते."

"तिला कळते," यक्षिणी म्हणाली. "तुला कळते का, ते घोडा सांगेल."

पागेपुढे सारे नगर जमले. हेमकलेने धूमकेतूच्या डोक्यावर मोरकी चढवली, आणि घराण्याच्या सवयीने नाकपुड्यांजवळ, खाली, घट्ट बांधली. तिथे हाड नाही, मऊ कूर्चा आहे. पुढच्याच क्षणी तिचा श्वास कोंडला. तोंड उघडले तरी हवा आत जाईना, कारण घोडा तोंडाने श्वास घेत नाही, आणि त्याच्यावर लादलेले आता तिलाच भोगायचे होते. तिचे ओठ निळे पडले. राजा सिंहध्वज पागेपुढे मांडलेल्या सिंहासनावरून धडपडत उठला.

"वर घे!" पागेच्या छपरावरून टिटवी केकाटली. "गालाच्या हाडाखाली दोन बोटे सोड, तिथे बांध!"

तिने गाठ सोडून वर बांधली. घोड्याने आणि तिने एकदमच श्वास घेतला.

ती पाठीवर बसली मात्र, धूमकेतू उधळला. भाले, छत्र्या, पाण्याचे रांजण उलटेपालटे झाले. हेमकलेने जीव खाऊन दोरी ओढली. तिच्याच नाकात कळ गेली आणि घोडा दुप्पट वेगाने पळू लागला. मग भरधाव घोड्यावर तिने दोरी ढिली सोडली.

धूमकेतूचे कान मागे वळले. त्यालाही धक्काच बसला असावा. धाव दुडकी झाली. तिने एका बाजूची दोरी हलकेच ओढली, त्याने मान किंचित वळवली, तिने लगेच सोडली. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. असे विचारत, ऐकत दोघे सीमेच्या दगडाला वळसा घालून परत आले.

ती उतरली, घोड्याची मोरकी सोडली, तोच आतल्या महालात लोखंड फरशीवर पडल्याचा आवाज झाला. अजिंक्यसेनाला उचलून अंगणात आणले. बहिणीने आपल्या हाताने पेज भरवली. पहिला घोट गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"युवराज," राजा म्हणाला, "शाप सुटला. आता रीत पुरी करा. घोडा तुमचा."

अजिंक्यसेन भिंतीला धरून उठला. मोरकी हातात घेऊन तो धूमकेतूपुढे गेला, पण हात पुढे होईनात. फाटक्या ओठांनी त्याला नीट बोलताही येत नव्हते.

"महाराज," तो म्हणाला, "मी ते लोखंड त्याच्या तोंडात घातले, तेव्हा तो किंचाळण्याची मी वाट पाहत होतो."

राजाची मान खाली गेली. तो पायऱ्या उतरून आला आणि पागेतल्या पहिल्या घोड्याचे लोखंड त्याने स्वतः काढले. मग सरदारांनी काढले, मग शिपायांनी. लोखंडाचा ढीग चौकात पडला. एकही घोडा पळाला नाही.

अजिंक्यसेन मात्र तसाच उभा होता, मोरकी हातात उघडी धरून. धूमकेतूने त्याचे ओठ हुंगले, बराच वेळ हुंगले. मग मान खाली घातली आणि आपले नाक आपणहून मोरकीत सरकवले.