रंगाऱ्यांची पांढरी नदी

गोष्ट इतकी जुनी आहे की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पण गोष्ट खरी धरून ऐका, लहानांनीही आणि मोठ्यांनीही.

त्या राज्यात एका नदीकाठी भली मोठी रंगशाळा होती. मोठी म्हणजे किती, तर शंभर कढया एका वेळी उकळायच्या. अर्ध्या राज्याची लुगडी, पागोटी, घोंगड्यांचे काठ तिथे रंगायचे. सोमवारी लाल रंग काढला की नदी लाल व्हायची आणि मंगळवारी निळा काढला की निळी.

नदीच्या खालच्या अंगाला, तीन कोसांवर एक वळण होतं. तिथे वाळूत काकड्या आणि खरबुजं लावणाऱ्यांची वस्ती होती. त्यांचे पांढरेशुभ्र बैल पाणी प्यायला उतरले की गुडघ्यापर्यंत निळे होऊन वर यायचे. लग्नात नवरदेवाचं धोतर गुलाबी निघालं, तेव्हा मात्र वस्तीची माणसं रंगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

रंगशाळेचा धनी वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना बसवलं, ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामगारांतली सगळ्यांत हुशार बाई निवडून तिला नदीची कारभारीण केली.

"आजपासून नदी तुझ्या हाती," तो म्हणाला. "ती पांढरी करून दाखव."

आता इथे एक सांगायला हवं. त्या रंगाऱ्यांच्या बोलण्यात 'स्वच्छ' हा शब्दच नव्हता. जन्म रंगात गेलेली माणसं ती! धुतलेलं भांडं पांढरं, झाडलेलं अंगण पांढरं, सज्जन माणूससुद्धा पांढरा. रंग गेला की घाण गेली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. प्यायचं पाणी ते रंगशाळेच्या वरच्या अंगाने भरायचे. आपल्या घाटाखालचं पाणी त्यांच्यातल्या कुणी कधी तोंडात घेतलं नव्हतं.

कारभारणीने काम मनापासून घेतलं, आणि त्याला आणखी एक कारण होतं. तिची सख्खी धाकटी बहीण त्याच वळणावरच्या वस्तीत दिली होती. आई लवकर गेल्यामुळे धाकटीला हिनेच वाढवलेलं. त्या वाळूत पिकलेल्या काकड्यांची पाटी दर उन्हाळ्यात धाकटीकडून यायची, आणि तशी काकडी दुसरीकडे कुठे मिळत नसे.

पहिल्या वर्षी कारभारणीने लाल कढईतलं उरलेलं पाणी फेकायचं बंद केलं. त्यातच गुलाबी कापड रंगवायला लावलं. दुसऱ्या वर्षी तिने नदीच्या आधी तीन खड्डे खणून घेतले. रंगाचं पाणी त्यांत थांबायचं, गाळ खाली बसायचा आणि मग वरचं पाणी पुढे जायचं. म्हातारे कामगार कुरकुरले, "बाई, आमच्या बापाने असलं काही केलं नाही!" ती हसून म्हणायची, "तुमच्या बापाचे हात मेल्यावरही निळेच होते ना काका? मग ऐका माझं."

आणि तिने एक प्रथा पाडली. दर वर्षी फाल्गुनात एक कोरं फडकं घाटाखालच्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवायचं आणि संध्याकाळी रंगशाळेच्या दारावर टांगायचं. पहिल्या वर्षीचं फडकं जांभळट निघालं. दुसऱ्या वर्षीचं त्याच्या शेजारी लावलं, तर ते फिकं गुलाबी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धन्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोन्ही वर्षांचं काम चोख होतं, त्यात काही खोट नव्हती.

तिसऱ्या वर्षी फडकं दुसऱ्या वर्षीइतकंच गुलाबी निघालं.

धनी रागावला नाही. तो नुसता दोन्ही फडक्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मागच्यासारखंच का गं?"

बस, एवढंच म्हणाला. पण तिला ते लागलं. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

घरी गढूळ पाणी आलं तर आपण काय करतो? तुरटीचा खडा दोनदा फिरवतो. गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. रंगशाळेत तर तुरटीची पोतीच्या पोती, कारण तिच्याशिवाय कापडावर रंग बसत नाही. कारभारणीने एक पोतं तिसऱ्या खड्ड्यात ओतून पाहिलं. सकाळी पाणी असं निवळलेलं, की तळातला दगड न् दगड मोजून घ्यावा!

चौथ्या वर्षी फडकं जवळजवळ पांढरं निघालं. पाचव्या वर्षी त्याहून पांढरं, कारण पोती वाढली. दुसऱ्या राज्यांतले रंगशाळावाले बघायला येऊ लागले. दारावरची ती ओळ, जांभळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, बघून ते मान डोलवायचे आणि कारभारणीला विचारायचे, "कसं केलंत, बाई?" ती सांगायची आणि ते ऐकून जायचे.

त्याच उन्हाळ्यात धाकटीकडून काकड्यांची पाटी आली. कारभारणीने एक चिरली, तोंडात घातली आणि थुंकून टाकली. कडूजहर!

पाटी घेऊन आलेल्या मेहुण्याला ती म्हणाली, "अहो, टोक घासूनही कडूच! कोवळीच तोडली वाटतं? धाकटीला लहानपणापासून घाईच फार."

मेहुणा खाली बघत म्हणाला, "टोक घासून घासून अर्धी काकडी संपते, आक्का. यंदा सगळीच अशी आहे."

"बियाणं बदला मग," ती म्हणाली, आणि त्याला जेवायला वाढलं. चांगलं भरपेट वाढलं हो, तूप सोडून. प्रेमात ती कुठेच कमी नव्हती.

सहाव्या वर्षी पाटी आलीच नाही. वेल फुलावर येण्याआधीच पिवळे पडले, असा निरोप आला.

सातव्या वर्षी बातमी आली की फाल्गुनात फडकं बघायला खुद्द राजा येणार. पाणी पांढरं झालं असेल, तर राज्यातल्या सगळ्या रंगशाळांना हीच रीत लावायची असं त्याच्या मनात होतं. रंगशाळेत धांदल उडाली. तुरटीच्या गाड्या येऊ लागल्या.

त्याच मार्गशीर्षात, नदीचं पाणी ओसरून वाळू उघडी पडते तेव्हा, धाकटी तीन कोस चालत आली. आली ती थेट खड्ड्यांपाशीच.

"आक्का, एक मागायला आलेय. नाही म्हणू नकोस."

"आधी पाय धू, भाकर खा."

"भाकर नको. बी आता शेवटचं उरलंय, ओंजळभर. दोन वर्षं काही हाती लागलं नाही. यंदा उगवलं नाही, तर वस्ती उठणार. डोंगरापलीकडे नऊ दिवसांच्या वाटेवर आमच्या ह्यांचे चुलते आहेत, तिथे जायचं ठरतंय. दोन महिने ही तुरटी थांबव. वेल उभे राहीपर्यंत."

"अगं, तुरटी थांबवली तर पाणी लाल येईल!"

"येऊ दे. लाल पाण्यात आमची काकडी कधी लाल झाली नव्हती गं. गोडच होती."

"बैलांचे पाय?"

"निळे तर निळे. निळ्या पायांचे बैल जिवंत तरी होते!"

कारभारीण हसली. तिला वाटलं, धाकटी लहान होती तेव्हाही अशीच हट्ट करायची. तिने बहिणीचा हात धरून तिला दारापाशी नेलं आणि सहा फडकी दाखवली. "हे बघ. डोळ्यांनी बघ. दर वर्षी पांढरं होत चाललंय. वाईट पाणी असं दिसेल का?"

"तू एकदा ये तिकडे. चार घोट पिऊन बघ," धाकटी म्हणाली. "मग तू म्हणशील ते ऐकेन."

"येते की. फडकं होऊ दे, राजा येऊन जाऊ दे, दुसऱ्याच दिवशी येते. अडीच महिन्यांचा तर प्रश्न."

"बी थांबत नाही, आक्का," धाकटी म्हणाली, आणि भाकर न खाताच उठली.

त्या दिवशी कारभारणीचं मन थोडं खट्टू झालं. काही काळ तिने धन्याशी बोलावं असं योजलंही. पण एक दिवस धनी पाहुण्यांत होता, दुसऱ्या दिवशी ती स्वतः गाड्यांत गुंतली, आणि ते राहून गेलं. राहून गेलेल्या गोष्टी अशाच राहतात बघा, कुणी मुद्दाम ठेवत नाही.

फाल्गुन आला. राजा आला. सातवं फडकं पाण्यातून काढलं, ते कोऱ्या कापडाशेजारी धरलं तर कोरं कुठलं हे ओळखू येईना. राजाने कारभारणीला शेला दिला. धन्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी, शब्द दिल्याप्रमाणे, ती नदीकाठाने खाली निघाली.

वाटेत उथळ पाण्यात एक बगळा उभा होता. त्या काळी पाखरं माणसांशी बोलत असत, आणि माणसांना वेळ असेल तर ती ऐकतही असत.

"काय रे," कारभारीण म्हणाली, "पाणी बघितलंस? कसं पांढरं झालंय!"

"बघतोय तर," बगळा म्हणाला. "पूर्वी गढूळ रंगात मला काही दिसायचं नाही. पण मासे पायांना गुदगुल्या करून जायचे, चोच घातली की एखादा मिळायचाच. आता थेट तळापर्यंत दिसतं बाई. माझे दोन पाय दिसतात. दुसरं काही नाही."

कारभारीण झपाझप चालू लागली.

वळणावर पोहोचली तेव्हा वस्तीच्या गाड्या भरून झाल्या होत्या. वाळूत वेलांच्या आळ्यांच्या रांगा होत्या आणि आळ्यांत पिवळ्या, जळक्या काड्या. धाकटी शेवटच्या गाडीला दोरी आवळत होती. बहिणीला पाहून ती रागावली नाही. तिने दोरी सोडली, रिकाम्या होत चाललेल्या झोपडीत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, एवढं तिला हिनेच शिकवलं होतं.

"नदीचंच आहे," धाकटी म्हणाली. "दुसरं नाही आमच्याकडे."

कारभारणीने तांब्या तोंडाला लावला. पाणी काचेसारखं नितळ होतं. पहिल्याच घोटाला तिची जीभ आखडली, गाल आत ओढले गेले, घसा चरचरला. तिने कसाबसा तो गिळला. सात वर्षं तिने ज्या नदीचा कारभार केला, तिचं पाणी ती पहिल्यांदा पीत होती.

"हेच पिता तुम्ही?"

"तीन वर्षं."

"मला सांगितलं का नाहीस नीट?" असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण धाकटी समोर उभी होती, आणि सांगायला ती तीन कोस चालत आली होती, हे तिला आठवलं. तिने तांब्या खाली ठेवला.

"नको जाऊस गं," एवढंच शेवटी म्हणाली. "मी आजच बंद करते सगळं."

"कर," धाकटी म्हणाली. "पण बी संपलं, आक्का. या वाळूतलं बी होतं ते. दुसऱ्या कुणाकडे नाही." मग तिने बहिणीच्या खांद्यावरचा नवा शेला नीट केला, लहानपणी ही तिचा पदर नीट करायची तसा, आणि गाडीवर चढली.

कारभारीण माघारी आली ती तडक धन्याकडे. तिने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, तो चिडेल, शंभर कढया कशा थांबवायच्या म्हणून वाद घालेल. धन्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अर्ध्या कढया उद्यापासून बंद. तुरटीही बंद. पाणी लाल आलं तर येऊ दे, पुढचं बघू." आणि थोडं थांबून म्हणाला, "पण हे मला मार्गशीर्षात का नाही सांगितलंस? मी तेव्हाही हेच म्हटलं असतं."

हे ऐकून ती जी खाली बसली, ती त्या दिवशी उठलीच नाही. धन्याने नाही म्हटलं असतं, तर तिला आयुष्यभर त्याला दोष देता आला असता. आता तोही आधार गेला.

तिने राजाचा शेला परत पाठवला आणि बाकीच्या रंगशाळांनी ही रीत उचलू नये असा निरोप दिला. पुढची अकरा वर्षं ती रोज सकाळी तीन कोस चालत वळणावर जायची, ओंजळभर पाणी प्यायची आणि परत यायची. काय कमी करायचं, काय थांबवायचं, ते त्या घोटावरून ठरवायची. पाणी कधी गुलाबीसर असायचं, पण हळूहळू ते तोंडाला गोड लागू लागलं. मासे आले. बगळ्याची नातवंडं आली.

तेव्हा तिने डोंगरापलीकडे माणूस पाठवला, की या, नदी बरी झाली.

अठरा दिवसांनी माणूस परतला. म्हणाला, "धाकट्या बाई बऱ्या आहेत. तिकडे आता नाचणी पिकवतात. मुलांना नदी आठवत नाही. तुम्हाला नमस्कार सांगितलाय, आणि म्हणाल्या, इतक्या लांबून आता येणं होत नाही."

वळणावर ते गोड पाणी अजून वाहतं म्हणतात, आणि काठावर ते पिणारं कुणी नाही.

बोध: आपल्या कामाचं पाणी ज्यांच्या दारावरून जातं, त्यांना ते कसं लागतं हे वेळेवर विचारावं, आपल्या डोळ्यांना ते नितळ दिसलं म्हणजे झालं असं धरून बसू नये.