जातो म्हणू नये, येतो म्हणावं

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा सांब राहत होता. लग्नाला सहा महिने झाले होते आणि त्यातले चार महिने बायको माहेरीच होती. सासऱ्याने निरोप धाडला होता, "जावयाला आधी रीतभात शिकवा. मगच वेणूला पाठवतो."

आईने शिकवणी सुरू केली. "निघताना 'जातो' म्हणायचं नाही. 'येतो' म्हणायचं."

"का?"

"'जातो' म्हटलं की यम ऐकतो."

शेजारच्या गुरवबाबांना हे पटलं नाही. "यमाला एवढा रिकामा वेळ कुठला? 'जातो' म्हटलं की घरातली लक्ष्मीही सोबत निघते, म्हणून ही रीत पडली." आत्याचं तिसरंच. पाहुणा पुन्हा येणार ही धास्ती यजमानाला राहावी, म्हणून म्हणे. तिघं दुपारपर्यंत भांडली. खरं काय ते एकालाही माहीत नव्हतं, त्यामुळे आवाज तिघांचेही चढले होते.

"येतो," म्हणून सखाहरी निघाला. पिंपळापर्यंत गेला आणि परत आला.

"काय रे, काय विसरलास?"

"काही नाही. येतो म्हणालो होतो. आलो."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा आईने केरसुणी उचलली, तेव्हा कुठे तो सासरवाडीला पोचला.

त्याला बघून वेणू हरखली. लगेच बोचकं बांधायला बसली. शेजारी एक म्हातारा वारला होता, म्हणून सासरा जावयाला घेऊन तिथे भेटून यायला गेला. सखाहरी मान खाली घालून बसला, अगदी शहाण्यासारखा. निघताना मात्र दारात थांबून मोठ्याने म्हणाला, "बरंय, येतो. असाच पुन्हा येतो. तुमच्याकडे अजून दोन म्हातारी माणसं आहेतच."

रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. सासऱ्याने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

"अहो जावईबापू, रडारड चाललेल्या घरातून निघताना चकार शब्द काढू नये! गुपचूप उठावं, मागे न बघता चालू लागावं आणि घरी पोचल्यावर आधी दारात आंघोळ करावी. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी सासूने वेणूची ओटी भरली. भरता भरता तिला रडू आलं. मग वेणूला आलं. सासराही डोळे पुसू लागला.

सखाहरीने तिघांकडे नीट पाहिलं. गुपचूप उठला आणि चालू लागला.

"अहो! थांबा! मी राहिले!" वेणू ओरडली.

त्याने मान ताठ धरली. चार कोस तशीच धरली. घरी पोचला आणि दारात उभा राहून डोक्यावर घागर ओतून घेतली.

आईने पाहिलं. लेक एकटा. बरोबर सून नाही. दारात आंघोळ. तिने हंबरडा फोडला, "वेणू गं! कशी गेलीस गं!"

आई रडतेय म्हटल्यावर सखाहरीने तोंड घट्ट मिटलं. बघता बघता सगळं गाव अंगणात जमलं. बायकांनी पदरात तोंडं घातली. पुरुष बांबू शोधायला गेले.

तेवढ्यात डोक्यावर बोचकं घेऊन, धापा टाकत वेणू आली. गर्दी बघून तिने बोचकं खाली ठेवलं. नवऱ्याजवळ जाऊन तिने हळूच विचारलं, "अहो, कोण गेलं?"

"मला काय ठाऊक?" सखाहरी कुजबुजला. "तू बोलू नकोस. आधी आंघोळ कर."