उंबऱ्यापुरते घर

विषय : पहिले घर रोखीने बांधावे की गहाणावर, याबाबत.
संदर्भ : एका पाथरवटाचा राजाच्या खजिन्याकडे आलेला अर्ज.

उपरोक्त विषयी लहानथोर वाचकांस सादर करण्यात येते की, फार फार वर्षांपूर्वी, राज्यांना नावे पडण्याच्याही आधी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक पाथरवट राहत होता. राहत होता म्हणायचे, इतकेच. त्याने दोन राजवाडे, तीन देवळे आणि एका सावकाराचा गोठा बांधला होता. त्यांत गोठा सगळ्यांत मजबूत होता. स्वतः मात्र तो काम असेल तिथे गवताची खोप टाकून राही. सोबत बायको आणि म्हातारी आई.

पुढे त्याने जमिनीचा एक तुकडा घेतला आणि घराचा प्रश्न निघाला.

रोखीने बांधायचे तर मजुरीतून बाजूला टाकत टाकत पंधरा वर्षे लागणार होती. गहाणावर बांधायचे तर खजिना पैसे देई, घर वर्षभरात उभे राही आणि फेड वीस वर्षे चाले. पण त्या राज्यात एक चाल होती. घर गहाण पडले की त्याचा उंबरा खजिन्यात जमा होई. फेड पुरी होईपर्यंत चौकटीला तीनच बाजू. घर उचलून नेता येत नाही, उंबरा नेता येतो, हे ज्या अधिकाऱ्याने शोधून काढले त्याला बढती मिळाली असे म्हणतात.

पाथरवटाचे मत रोखीकडे होते. बिनउंबऱ्याचे घर म्हणजे गोठाच, असे तो म्हणे.

"मग सावकाराच्या गाई आपल्यापेक्षा बऱ्या," बायको म्हणाली. "त्या पावसात आत तरी असतात. आणि अहो, पंधरा वर्षं तुमची-माझी निघतील. सासूबाईंची निघतील का?"

पाथरवटाने गहाणाचा अर्ज देऊन टाकला. पण मन रोखीवरच राहिले. एक पाय इकडे, एक तिकडे, अशा स्थितीत दोन महिने गेले. खजिन्यातही अर्ज तेवढाच पुढे सरकला होता.

शेवटी त्याने आईला विचारले. हे आधी का विचारले नाही, याचा खुलासा उपलब्ध नाही.

आई म्हणाली, "मला पंधरा कळत नाहीत आणि वीसही कळत नाहीत. जन्मभर मी लोकांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आतून 'या' म्हणतील म्हणून. कधी म्हणाले, कधी नाही म्हणाले. मला एकदा आपल्या उंबऱ्याच्या आत बसून कोणाला तरी 'या' म्हणायचंय. तुमचं ठरेपर्यंत तेवढा एक दगड घाल."

एका दगडापुरते पैसे त्याच्याकडे होते. त्याने डोंगरातून काळा दगड आणला, एकवीस दिवस घडवला आणि मोकळ्या जमिनीवर पूर्वेकडे बसवला. भिंत नाही, छप्पर नाही, चौकटही नाही. म्हातारीने त्यावर हळदकुंकू वाहिले, आत जाऊन बसली आणि भाजी निवडू लागली. गाव हसले. हसायला काही लागत नाही.

मग त्याच गावाने जे पाहिले ते असे.

पहिली आली शेजारीण, विस्तव मागायला. जमीन चारी बाजूंनी उघडी होती. तरी ती वळसा घेऊन उंबऱ्याकडे आली, वहाणा काढल्या आणि थांबली. म्हातारी म्हणाली, "या." शेजारीण आत आली आणि तिचा आवाज आपोआप खाली आला, घरात येतो तसा.

मग खजिन्याचा कारकून जागेच्या पाहणीला आला. तो कोणाच्या घरात विचारून जात नसे; सरकारी मनुष्य. तोही उंबऱ्यापाशी थांबला. म्हातारीने एक जुडी पुरी निवडली आणि मग 'या' म्हटले. तो आत बसला, पाणी प्याला. भिंती नसताना आपण कशाच्या आत बसलो आहोत, हे त्याला कळेना. पण बसलो आहोत, यात शंका नव्हती.

तेवढ्यात दिवस कलला. त्या गावावर रोज डोंगराची सावली उतरे. ती कोणाला विचारत नसे. राजवाड्याला नाही, देवळालाही नाही. त्या संध्याकाळी ती म्हातारीच्या पाठीमागची झाडे, मग शेते, मग सगळे गाव झाकत गेली. पण जमिनीच्या त्या चौकोनाला वळसा घालून उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. मधे तेवढे ऊन. गाव हात जोडून उभे होते.

म्हातारीने मान मागे वळवून डोंगराकडे पाहिले. "ये बाबा," ती म्हणाली. "लांबून आलास."

मग सावली आत आली.

कारकुनाने अर्जावर शेरा मारला : 'नियमाप्रमाणे उंबरा जमा करणे आवश्यक. तूर्त आत म्हातारी बसली आहे. उठल्यावर कळवावे.' सावलीबद्दल त्याने लिहिले नाही. तसा रकाना नव्हता.

म्हातारी सहा वर्षे बसली. तोवर पाथरवटाने रोखीने दोन भिंती चढवल्या. सहाव्या वर्षी ती उठली, ती कायमची. पाथरवट सरळ मनुष्य. तिचे दिवसकार्य झाल्यावर त्याने खजिन्यात जाऊन तसे कळवले.

कारकून बैलगाडी आणि चार माणसे घेऊन उंबरा न्यायला आला. उंबऱ्यापाशी आला आणि वहाणा काढून थांबला. पाथरवट आणि त्याची बायको आतच होती. उंबरा गेला तर पैसे मिळणार, छप्पर होणार, हे दोघांनाही ठाऊक होते. बायकोने नवऱ्याकडे पाहिले. नवरा उंबऱ्याकडे पाहत होता. कारकून बराच वेळ उभा राहिला. मग कारकुनाने वहाणा घातल्या आणि रिकामी गाडी परत नेली.

छप्पर चढायला आणखी नऊ वर्षे लागली. मिळून पंधराच झाली, आधी मोजली होती तेवढीच.

तात्पर्य : घर रोखीने बांधा की गहाणावर, ते ज्याच्यासाठी बांधायचे त्याची जागा आधी बांधा.

कारकुनाचा शेवटचा शेरा असा : 'समक्ष गेलो. आतून कोणी या म्हणाले नाही.' अर्ज प्रलंबित आहे.