ओझोन बाजूला सरला तेव्हा

जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. पाण्यातल्या शेवाळाने सोडलेला प्राणवायू उंच आभाळात पोचला होता. त्याचे कण जोडीजोडीने राहत. सूर्याचा एखादा जहाल किरण येई आणि जोडी फोडी. एकटा पडलेला कण दुसऱ्या जोडीला बिलगे, की तिघांचा मिळून ओझोन होई. पुढचा किरण त्याच्यावर आदळून तिथेच संपे, पण ओझोनही फुटे.

एक ओझोन याला कंटाळला. किरण येताना दिसताच तो म्हणाला, "सारखं जुळायचं नि सारखं फुटायचं. मला जरा स्वस्थ बसू दे."

"मग बाजूला हो," किरण म्हणाला. "मला खालीच जायचंय."

ओझोन सरकला. किरण थेट खाली गेला आणि खडकावर चढू पाहणारं कोवळं शेवाळ करपलं.

"वर कोणी आहे का?" शेजारच्या शेवाळाने कळवळून विचारलं. "आम्हाला पाण्याबाहेर यायचंय."

ओझोनने खाली पाहिलं. तेवढ्यात दुसरा किरण झेपावला. या वेळी ओझोन आडवा गेला आणि फुटला.

खाली त्या शेवाळाने खडकावर पाय रोवले. ते पाहायला ओझोन उरला नव्हता. त्याचा सुटलेला कण नव्या जोडीच्या शोधात केव्हाच धावत सुटला होता.