बहुरूप्याचा खर्च

खडकनगरचे राजे रणधीरराव एकदा हट्टालाच पेटले. ज्याला धनी नाही, जो स्वतःच्या हिमतीवर कमावतो, अशा प्रत्येकाने दरबारात येऊन वर्षाची मिळकत सांगायची आणि तिचा सहावा हिस्सा भरायचा. खर्च वजा मिळणार नाही. आलं ते उत्पन्न, गेलं ते तुझं नशीब!

कुंभार आले, कासार आले, कपाळाला हात लावून परत गेले. मग हैबती बहुरूपी पुढे झाला. आज फौजदार, उद्या गोसावी, परवा भांडकुदळ सासू, अशी सोंगं गावोगाव वठवायची आणि मिळेल त्या बिदागीवर घर चालवायचं, हा त्याचा धंदा.

"मिळकत बोल," दिवाण सदोबापंत म्हणाले.

"साठ रुपयं आलं, म्हाराज. पन्नास सोंगांवर गेलं. रंग, दाढ्या, कापडं, घोड्याचं भाडं. ऱ्हायलं दहा."

"साठाचा सहावा हिस्सा दहा. ठेव इथं."

"दहाच्या दहा? मग आमी खायाचं काय?"

राजे मधेच म्हणाले, "दाढी तू लावतोस. तिचा भार मी का सोसू?"

"दाढी नाय लावली तर मला गोसावी कोन म्हनंल, म्हाराज?"

दरबारात खसखस पिकली आणि राजांचा चेहरा लाल झाला. "फार शहाणा आहेस! पौर्णिमेपर्यंत दहा रुपये आले नाहीत, तर तुझी सोंगांची पेटी जप्त. नाही तर एक काम कर. माझ्या तोंडून 'खर्च वजा करा' एवढे शब्द वदवून दाखव. तसं झालं तर कायदाच बदलतो."

पेटी गेली की धंदा गेला. हैबती घरी येऊन पेटीवरच बसून राहिला. त्याची बायको सारजा भाकरी थापत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "राजांकडं कदी कुनी कर मागितलाय का? ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

हैबती उठला आणि त्याने पेटी उघडली.

पौर्णिमेच्या सकाळी दरबारात भालदार धावत आला. बादशहाचा अंमलदार दारात उभा आहे! खडकनगर बादशहाचं मांडलिक. सगळ्यांची धांदल उडाली. पांढरी दाढी, जरीच्या काठाचा अंगरखा आणि चेहऱ्यावर आठ्या घेऊन अंमलदार आत आला. त्या दाढीमागे कोण होतं ते वाचकांना सांगायला नको. बहुरूप्याने फसवलं तर रागवायचं नाही, उलट बिदागी द्यायची, असा जुना रिवाज होता. पण रिवाज मोठा की राजाचा राग मोठा, हे हैबतीला ठाऊक नव्हतं. तरी त्याचा आवाज खणखणीत निघाला.

"राजेसाहेब, आपण कुणाची चाकरी करता?"

भरल्या दरबारात राजे काय सांगणार? त्यांनी मिशीला पीळ दिला. "आम्ही? कुणाचीच नाही. आम्ही स्वतःच्या मनगटावर राज्य करतो."

"उत्तम. आपला नवा कायदा बादशहांच्या कानी गेला. त्यांना तो बेहद्द आवडला. ज्याला धनी नाही, त्याने सहावा हिस्सा भरावा. सुरुवात आपल्यापासूनच करावी, असा हुकूम आहे. गेल्या साली सारा किती आला?"

राजांच्या तोंडचं पाणी पळालं. "ए... एक लाख वीस हजार."

"वीस हजार मोजा."

"वीस हजार? अहो, उरलेच पंधरा!"

"बाकीचे कुठे गेले?"

"कुठे म्हणजे? शिबंदीचा पगार, किल्ल्याची डागडुजी, हत्तींचा चारा!"

"हत्ती आपण पाळता. त्यांच्या चाऱ्याचा भार बादशहांनी का सोसावा?"

"हत्तीवर बसलो नाही तर मला राजा कोण म्हणेल?" राजे आसनावरून अर्धे उठले. पंतांनी त्यांचा शेला हळूच ओढला, पण राजे आता कुणाचं ऐकणार? "राज्य करायचं म्हणजे आधी खर्च येतो, मग पैसा येतो. एवढी साधी गोष्ट बादशहांना कळू नये? आधी खर्च वजा करा, खर्च! मग काय तो हिस्सा मागा!"

अंमलदाराने शांतपणे दाढी उपटली आणि कमरेत वाकून मुजरा केला.

"केला वजा, म्हाराज. आता माजी पेटी माज्याकडंच ऱ्हाऊ द्या."

राजे बघतच राहिले. पंतांचे डोळे पांढरे झाले. हैबतीने मान खाली घातली. मग राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले की आसनाची उशी खाली पडली.

"पंत, कायदा बदला! आजपासून प्रत्येकाचा खर्च आधी वजा, मग कर. आणि हैबती, आम्ही फसलो, तेव्हा तुझी बिदागी देणं आलं. आधी या सोंगाला खर्च किती आला ते सांग. तो वेगळा देतो."

"घोडा भाड्यानं आनला, त्याचा एक रुपया."

"आणि हा उंची अंगरखा?"

हैबतीने चोरट्या नजरेने दिवाणांकडे पाहिलं. "तो पंतांचा हाय, म्हाराज. परटाच्या घरी धुवाया आला व्हता, सकाळपुरता मागून घेतला. जरीचा काठ तेवढा आमच्या सारजानं टाचलाय. तो दोरा खर्चात धरा."

राजांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हैबतीच्या ओंजळीत टाकलं, आणि दोऱ्याचे पैसे पंतांच्या खिशातून द्यायला लावले.