आटलेला अंगरखा

करंजगडच्या धान्यकोठाराला दोन कुलपं होती. एकाची किल्ली राजाच्या कमरेला, दुसऱ्याची दिवाणाच्या. कुणा एकट्याने धान्य लांबवू नये म्हणून ही खबरदारी! बेत झकास होता, पण या दोघांचंच भांडण झालं तर काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि झालं की भांडण! कशावरून? तर नव्या हत्तीच्या नावावरून! रायसिंगराजे म्हणाले, "रणधुरंधर!" दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले, "छे, छे! शांतिसागर!" झालं! राजे महालात रुसून बसले, पंत आपल्या घरी. दरबार बंद, कचेरी बंद, कोठारही बंद. हत्तीचं काय अडलं होतं? तो बिननावानेच ऊस खात राहिला. अडलं ते म्हाताऱ्याकोताऱ्यांचं आणि लुळ्यापांगळ्यांचं. त्यांची चूल कोठारातून मिळणाऱ्या शिध्यावरच पेटायची.

दोन महिने हा तमाशा चालला. शेवटी राणीसाहेबांनी दोघांना चांगलं झापलं, हत्तीचं नाव स्वतःच 'बाळू' ठेवलं आणि दरबार उघडायला लावला. गावात दवंडी पिटली, "पुढच्या महिन्यापासून शिधा सुरू होईल होऽऽ!"

"आणि राहिलेल्या दोन महिन्यांचा?" ठकू शिंपिणीने विचारलं.

"तेवढं सांगितलेलं नाही!" म्हणत दवंडीवाला पुढे सटकला.

ठकू हादरली. तिच्या शेजारची भागाआजी दोन महिने पाला उकडून खात होती. आता चुलीपर्यंत जायचं तरी भिंत धरून जायची. पुढचा महिना तिला दिसतो की नाही, हीच ठकूला धास्ती.

तेवढ्यात महालातून बोलावणं आलं. राजेसाहेब लालबुंद होऊन अंगरख्याशी झटत होते. "बघ ठकू, त्या परटाने अंगरखा आटवून ठेवलाय! बंदच बांधता येत नाहीत!"

ठकूने राजांच्या पोटाकडे पाहिलं, अंगरख्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. अंगरखा घरी नेला, दोन्ही बाजू उसवल्या, प्रत्येकीत कापडाची एकेक नवी कळी जोडली आणि दुसऱ्या दिवशी भर दरबारात नेऊन दिला. राजे खूश झाले. ही संधी साधून ठकूने राहिलेल्या शिध्याचं विचारलं.

पंत उसळले. "ते दिवस गेले, बाई! मेलं का कुणी उपाशी? नाही ना? मग भागलं म्हणायचं त्यांचं!"

समेट नवा नवा होता, त्यामुळे राजे हल्ली पंतांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलवत. "बरोबर बोललात पंत! आजची भूक आज. गेलेली भूक आता आहे कुठे? ठकू, ती मला हातात धरून दाखव! उद्या दाखवलीस तर सगळा शिधा आजच्या आज... म्हणजे उद्याच्या उद्या! नाही दाखवलीस तर पुढचाही बंद!"

दरबार खो खो हसला.

भागाआजीने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं मेले, काय करून बसलीस हे! मिळणार होतं तेही घालवलंस!"

"आजी, दसऱ्याला मी शिवलेली तुझी चोळी कुठाय?"

"इथे जीव जायची वेळ आलीय आणि तुला चोळी सुचतेय?"

"उद्या तीच घाल. आणि सगळ्यांना सांगते, मी दसऱ्याला शिवलेलेच कपडे घालून या!"

दुसऱ्या दिवशी ठकू सगळ्यांना घेऊन दरबारात उभी राहिली. राजांनी मिशीला पीळ दिला. "काय ठकू, कुठाय भूक?"

ठकूने अधू पायाच्या गोंदाला पुढे ओढलं. त्याची बंडी खुंटीवर टांगल्यागत लोंबत होती. तिने पाठीमागचं सैल कापड मुठीत गोळा केलं. मूठ गच्च भरली!

"ही बघा, महाराज! हातात धरलीय! दसऱ्याला मी अंगाबरोबर बेतून शिवली होती ही बंडी. आत माणूस होता, तिथे आता भूक आहे." मग तिने भागाआजीच्या चोळीची बाही धरली. दंडाच्या शेजारी ठकूची चार बोटं सहज आत गेली. "आणि ही आजीची!"

"हॅ!" पंत ओरडले. "जुने कपडे! धुऊन धुऊन सैल झालेत!"

"असं होय, पंत? गावाला नदी एकच. त्याच पाण्यात आजीची चोळी धुतली तर ती ढगळ होते, आणि महाराजांचा अंगरखा धुतला तर तो आटतो?"

राजांनी हळूच आपल्या पोटाकडे पाहिलं. "ठकू... खरं सांग. अंगरखा आटला होता ना?"

"नाही, महाराज. एक धागासुद्धा आटला नव्हता. दरबार बंद होता, पण भटारखाना उघडा होता!"

पडद्याआड राणीसाहेब फिस्सकन हसल्या. मग राजेच असे गदागदा हसू लागले की अंगरखा टर्रकन उसवला!

"हळू, महाराज!" ठकू ओरडली. "आता जोडायला कापड उरलं नाही!"

राजांनी डोळे पुसले आणि पंतांचा हात धरून तडक कोठार गाठलं. दोन्ही कुलपं उघडली. बाळूच्या पाठीवर पोती चढली आणि हत्ती घरोघर शिधा वाटत फिरला. पहिलं पोतं भागाआजीच्या दारात उतरलं.

राजांनी गळ्यातला कंठा ठकूला दिला. "आणखी काय हवं ते माग!"

"कोठाराची ती दोन कुलपं काढा, महाराज, आणि भटारखान्याला लावा!"

पंतांनी झटकन पोटावर हात ठेवला. पण राजांनी शब्द दिला होता. कुलपं हलली! तेव्हापासून राजा-दिवाणांचं भांडण सकाळी पेटलं तरी पानं मांडायच्या आत मिटायला लागलं.

आणि पुढच्या दसऱ्याला भागाआजी तीच चोळी घेऊन ठकूच्या दारात हजर!

"ठके, जरा उसवून दे गं. त्या मेल्या परटाने आटवलीय!"